हर्सूलच्या तळ्यावरची हाक

"परवा! परवा अकरा वाजता! आपल्या शहरात! आणि तुम्ही दोघी कैऱ्या काय खात बसलाय?"

झुबेर बाभळीखाली नुसता थयथयाट करत होता. जगात कुठंही नवा फोन, नवं घड्याळ, नवं काहीही निघालं की त्याची बातमी कंपनीच्या आधी झुबेरला कळते, असं सातवी 'ब'मध्ये म्हणत असत.

"मागच्या महिन्यात त्या बोलणाऱ्या चष्म्यासाठी असाच नाचत होतास," रेवा कैरीला तिखटमीठ लावत म्हणाली.

"वो अलग बात थी! तो चष्मा अमेरिकेत निघाला. हे यंत्र चिकलठाण्यात निघतंय! दिल्लीचे पत्रकार येणार आहेत. आणि मजा म्हणजे, आत काय आहे ते कुणालाच माहीत नाही. हा एवढाच फोटो सोडलाय." त्यानं फोन पुढं केला. फोटोत एक हिरवी पेटी होती आणि तिच्यावर सोनेरी रंगात कानाचं चित्र.

"डबा दिसतो भाकरीचा," सखू म्हणाली, आणि रेवा खो खो हसली.

सखू त्यांच्याच वर्गातली. सुट्टीत ती घरची मेंढरं हर्सूलच्या तळ्याकडं आणायची, आणि जवळच्या सोसायटीतली रेवा नि पलीकडच्या गल्लीतला झुबेर तिच्या मागं मागं. मे महिन्यात तळं पार आटून मध्ये गोळा झालेलं, भोवती नुसता गाळ. वरून वाळलेला, आतून ओला. भर बाराचं ऊन होतं. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून निवांत उभी होती. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

आणि तेवढ्यात हाक आली.

"हुर्र्र्र्... ये गं माझी बाय, ये... हुर्र्र्र्!"

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. जाड, खरखरीत, मायेचा, मध्येच एकदा खोकलेला. सगळ्या मेंढरांनी एकदम माना वर केल्या. सगळ्यांनी, एकाच वेळी!

सखूच्या हातातली कैरी खाली पडली. "आबा..." ती पुटपुटली.

रेवाच्या अंगावर काटा आला. कारण सखूचे आबा, मल्हारराव, दिवाळीच्या आधीच वारले होते. तिघंही अंत्ययात्रेला गेले होते.

मेंढरं चालायला लागली. ना धावपळ, ना बें बें. शाळेची रांग चालावी तशी गप्प, झाडीतल्या मोठ्या कडुलिंबाकडं. पोरं मागं धावली. लिंबाखाली पोचेपर्यंत आवाज थांबला होता. तिथं चिटपाखरू नव्हतं. मेंढरं मात्र झाडाभोवती गोल करून उभी होती आणि वर बघत होती. वर काय होतं? पानं. नुसती पानं!

"चलो यार, यहाँ से चलो," झुबेर म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता, पण त्याला त्या दिवशी कुणी चिडवलं नाही.

"काल पण आली, परवा पण," सखू म्हणाली. "माझ्या बाला पण ऐकू आली, आज्जीला पण. म्हणून तर..." आणि ती रडायलाच लागली.

घरी गेल्यावर कळलं काय ते. सखूचे वडील सोनाजी उंबऱ्यावर डोकं धरून बसले होते.

"उद्या सांजच्याला व्यापारी येतोय," ते म्हणाले. "सगळी मेंढरं देऊन टाकायची. आबा आपल्या जित्राबाला बोलवायलेत. गेलेल्या माणसानं मागितलेलं घरात ठेवू नाय. आज मेंढरं मागितली, उद्या माणूस मागतील!"

"पण बा, व्यापारी त्यांना कापायला नेईल!"

"मला का कळत नाय व्हय ते?" सोनाजी म्हणाले. "मी का हौसेनं करायलो?"

आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. सखूच्या घरी एक रीत होती. मेंढरांना हाक द्यायची ती घरातल्या एकाच माणसानं. तो गेला, की वर्षभर ती हाक कुणी तोंडातून काढायची नाही. वर्ष सरलं की मग पुढच्यानं घ्यायची. त्यामुळं दिवाळीपासून ही मेंढरं काठीवर आणि शिट्टीवर चालत होती. बिचारी बावरलेली असायची. सोनाजींचा तरी काय दोष? सहा-सात महिने हाक कुणी दिली नाही, आणि ती अचानक भर दुपारी रानातून यावी!

आजी, पुतळाबाई, दाराशी तळ्याकडं तोंड करून बसली होती. ती मात्र घाबरलेली नव्हती. उलट तिनं नवं लुगडं नेसलं होतं.

"ऐकली का गं सखे?" ती हळूच म्हणाली. "खोकला तसाच हाय त्यांचा. 'माझी बाय' म्हणलं की खोकला. काल बी तिथंच, परवा बी तिथंच. वर बी औषध देईना का कुणी?"

सखूनं आज्जीच्या पदरात तोंड लपवलं. रेवा मात्र ताडकन उठली आणि दोघांना हाताला धरून बाहेर घेऊन आली.

"तिथंच! आज्जी काय म्हणाली? दर वेळी तिथंच खोकला! मी पण ऐकला, दुसऱ्या 'ये'च्या आधी. सांगा मला, माणूस दर वेळी त्याच जागी, तेवढाच कसा खोकेल?"

झुबेरचे डोळे मोठे झाले. "रेकॉर्डिंग!"

"पण आबांचा आवाज कोण भरील?" सखू म्हणाली. "आणि रानात कोण वाजवील? कशाला?"

"ते उद्या बारा वाजता बघू," रेवा म्हणाली. "लिंबाखाली. आणि हो, मलाही भीती वाटतेय, त्यामुळं कुणी एकटं पुढं जायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन सखू बांधावर थांबली. झुबेर आणि रेवा लिंबावर चढून बसले. खाली ऊन नुसतं थरथरत होतं. झुबेर पुटपुटत काहीतरी दुवा म्हणत होता, आणि रेवा रामरक्षेचा एकच श्लोक पुन्हा पुन्हा.

"हुर्र्र्र्..."

आवाज झुबेरच्या कानाशी आला! मेलेला माणूस मागच्या फांदीवर बसून बोलावा, इतका जवळून! "अम्मी!" म्हणून तो जवळजवळ खालीच पडला. रेवानं त्याची कॉलर पकडली, आणि तसाच दुसरा हात पानांत खुपसला.

हाताला गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. एक हिरवी पेटी. तिच्यावर सोनेरी कान!

"अरे, ये तो वोइच है!" झुबेर ओरडला. भीती कुठल्या कुठं पळाली. त्यानं पेटी ओढून काढली आणि पाठीवरच्या दप्तरात कोंबली. दप्तरातून मल्हाररावांचा खोकला ऐकू आला, आणि हाक थांबली. दोघं भराभर खाली उतरले.

पण हाक थांबली कुठं? ती आता दुसरीकडून यायला लागली. लांबून, खालून. तळ्यातून!

"दुसरी पेटी! काठच्या झाडावरनं रात्रीच्या वाऱ्यात गाळात पडली असणार!" रेवा म्हणाली. "रेवा, बघ!" बांधावरून सखू किंचाळली. मेंढरं वळली होती. सगळी मेंढरं त्याच गप्प रांगेनं गाळाकडं निघाली होती. वरच्या वाळलेल्या पापुद्र्याखाली कमरेएवढा चिखल! गेल्या साली तिथं एक रेडकू रुतलं होतं, ते पुन्हा कुणाला दिसलं नाही.

आणि मेंढरांच्या पुढं कोण? नवं लुगडं नेसून, अनवाणी, दोन्ही हात पुढं करून पुतळाबाई चालली होती!

"आले, मालक, आले... जरा दम धरा..."

"आज्जी! माघारी फिर!" सखू बोंबलली, पण म्हातारीला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. तिचे घोटे गाळात गेले. मग पोटऱ्या.

झुबेरनं झाडीपलीकडं बघितलं. तिथं एक पांढरी जीप उभी होती, काच बंद, एसी चालू, आणि दारावर तोच सोनेरी कान! तो सुसाट सुटला. जीपमध्ये गळ्यात ओळखपत्र घातलेले एक साहेब टॅबलेटवर बघत होते आणि शेजारचा माणूस कॅमेरा धरून होता.

"काका, बंद करा! ती हाक बंद करा!"

"श्श! शूटिंग चालू आहे," साहेब काच अर्धी खाली करून म्हणाले. त्यांचं नाव बद्रीनाथ. "मेंढ्या येतायत, दिसत नाही का? आठ गावं फिरलो, एक मेंढी हलली नाही. इथल्या मात्र एका हाकेत येतात! परवा... अं, उद्या लाँचला हाच व्हिडिओ. पण ही एक नंबरची पेटी का गप्प झाली?"

आणि त्यांनी बटण दाबलं.

"हुर्र्र्र्! ये गं माझी बाय!" झुबेरच्या पाठीवरून मल्हारराव गरजले.

बद्रीनाथ साहेब सीटवरून उडालेच! "क-कोण? कोण बोललं?" टॅबलेट त्यांच्या हातातून निसटला, तो झुबेरनं वरच्यावर झेलला, आणि लाल खुणेवर बोट दाबून धरलं. सगळ्या हाका बंद!

तळ्यावर एकदम शांतता पसरली. ही शांतता आवाजाहून वाईट होती. मेंढरं गाळाच्या कडेला गोंधळून थबकली, काही पुढच्या पायांनी रुतलेली. पुतळाबाई गुडघाभर चिखलात उभी राहिली आणि चहूकडं बघायला लागली.

"गेले?" ती म्हणाली. "बोलता बोलता गेले?" आणि ती तिथंच, चिखलात, मटकन खाली बसली.

सखूनं शिट्टी मारली. मेंढरं हलली नाहीत. काठी आपटली. एक मेंढी उलट पुढंच सरकली, आवाज आला होता त्या दिशेला. सखूच्या तोंडाशी ती हाक आली होती. वर्ष झालं नव्हतं. रीत मोडायची? आबांना काय वाटेल? पण समोर आज्जी होती, जिवंत, आणि खचत चाललेली.

सखूनं दोन्ही हात तोंडाशी नेले.

"हुर्र्र्र्! ये गं माझी बाय, ये! हुर्र्र्र्! आज्जी, तू पण ये!"

आवाज बारीक होता, फाटलेला होता, मध्येच रडका झाला होता. पण मेंढरांनी माना वळवल्या. आधी एक वळली, मग तिच्यामागं दुसरी, आणि मग सगळा कळप चिखल उडवत बांधाकडं पळत सुटला! आणि चिखलात बसलेल्या पुतळाबाईनंही मान वळवली.

"सखे? तू दिलीस गं हाक?"

"व्हय आज्जी! हात दे!"

सखू पालथी पडून पुढं सरकली, रेवानं तिचे पाय धरले, आणि दोघींनी मिळून म्हातारीला ओढून काढलं. तिघीही चिखलानं अशा माखल्या की कोण कोणती ते ओळखू येईना!

गलका ऐकून सोनाजी धावत आले. मागं व्यापारीही होता, ठरल्या वेळेच्या आधीच टपकलेला. झुबेरनं बद्रीनाथ साहेबांना आणून सगळ्यांसमोर उभं केलं.

"गेल्या उन्हाळ्यात बाजारात भेटलेल्या एका बाबांचा हा आवाज आम्ही भरून घेतला होता," साहेब खालमानेनं म्हणाले. "त्यांनी आनंदानं दिला, चहा पण पाजला. आम्हाला वाटलं, हाक म्हणजे हाक. कुठल्याही मेंढीला चालेल. इथल्या मेंढ्या आल्या म्हणून आम्ही खूश. त्या का येतायत, हे आम्ही..."

"विचारलंच नाय," सखू म्हणाली. "हा कुणाचा आवाज, तो माणूस हाय का गेला, मेंढरं कुणाची. काहीच इचारलं नाय तुमी! माझी आज्जी मेली असती!"

"चुकलं आमचं," साहेब म्हणाले. "फार चुकलं. उद्याचं लाँच मी थांबवतो." मग ते पुतळाबाईसमोर खाली बसले. "आजी, आवाज पुसून टाकू? की तुम्हाला ठेवायची आहे ही पेटी? तुमच्या मालकांचा आवाज आहे."

म्हातारीनं पेटी हातात घेतली, सोनेरी कानावरून बोट फिरवलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आवाज त्यांचाच हाय बाबा," ती म्हणाली. "पर नुसतं बोलावतंय. मी चिखलात गेले तरी 'माघारी फिर' म्हणलं नाय. माझा मालक म्हणला असता. पुसून टाक."

सोनाजींनी डोळे पुसले आणि व्यापाऱ्याला हात जोडले. "जा भाऊ तू. माझ्या बापानं काही मागितलं नाय." मग ते तिघांकडं वळले. "पोरांनो, आम्ही मोठी माणसं घाबरून घर मोडायला निघालो होतो. तुम्ही पण घाबरलात, पर झाडावर चढून बघितलंत! शाब्बास रे झुबेर! रेवाबाई, तुझे कान सोन्याचे हायेत बघ!"

"चाचा, मैं बिल्कुल नहीं डरा!" झुबेर म्हणाला.

"'अम्मी' कोण ओरडलं मग?" रेवानं विचारलं.

मेंढरं बांधावर खोळंबली होती. सोनाजींनी काठी उचलली, पण पुतळाबाईनं ती धरली.

"काठी राहू दे. सखे, हाक दे."

"आय, अजून वरीस व्हायचंय," सोनाजी म्हणाले. "आणि ती पोरगी हाय."

"मला चिखलातून कुणी काढलं, पोरग्यानं?" म्हातारी कडाडली. "सहा महिने मेंढ्या हाकेवाचून ठेवल्या, म्हणून तर डब्याच्या मागं गेल्या बिचाऱ्या. मी बी गेले. जित्या जिवाला जितं माणूस बोलवायला लागतंय. दे गं हाक!"

सखू पुढं झाली. या वेळी आवाज फाटला नाही. मेंढरं तिच्या मागं निघाली, आणि चिखलानं भरलेलं नवं लुगडं सावरत पुतळाबाई त्यांच्यात मिसळून घराकडं चालायला लागली.