चार मजली बक्षीस

दार वाजलं तेव्हा ती नेमकी चौथ्या मजल्यावर होती. या घरात हीच पंचाईत... खाली कुणी आलं की माणूस हमखास वर असायचा. ती धडधडत जिने उतरली, श्वास आवरला, केस सारखे केले आणि दार उघडलं.

उंबऱ्यात एक उंच तरुण उभा होता. खांद्यावर पावसाचे थेंब, काखेत एक खोकं.

"घर विकायचंय ना? बघायला आलोय."

"या ना! भरपूर हवा, भरपूर उजेड—"

"आणि भरपूर जिने," तो मान वर करून म्हणाला.

खोटं काय होतं त्यात? साबणाच्या कंपनीच्या घोषवाक्य स्पर्धेत तिने हे घर जिंकलं होतं. एकावर एक रचलेल्या डब्यांसारखं घर! मजले चार, खोल्या चार. प्रमाणपत्रावर कंपनीने घराची किंमत छापली होती आणि तिच्या बाबांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. बाजारात कुणी त्या किमतीच्या निम्मेही देईना, पण बाबा हटायला तयार नव्हते. "एक रुपया कमी नाही! पोरीने डोकं लढवून मिळवलंय, रस्त्यात सापडलेलं नाही!"

तिचा मात्र जीव टांगणीला लागला होता. ज्या चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, ते दुकान मालककाका विकणार होते. "तुझ्यासाठी वर्ष संपेपर्यंत थांबतो गं," ते म्हणाले होते, "पण पुढे नाही जमायचं." घर विकलं तर दुकान तिचं. नाहीतर काकांचा भाचा तिथे मोबाइल विकणार होता.

दुसऱ्या मजल्यावर तरुणाने खोकं उघडलं. आत विजेची किटली.

"हे काय?"

"दुसरं बक्षीस," तो शांतपणे म्हणाला. "पहिलं तुम्हाला मिळालं."

"म्हणजे... तुम्ही घर घेणार नाही?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. हे घर घ्यायचं तर मला आणखी एक स्पर्धा जिंकावी लागेल. म्हटलं, आपलं काय हुकलं ते बघून तरी यावं."

रागवायला हवं होतं तिने. पण तिला असं हसू फुटलं की ती जिन्यावरच बसली. त्याने तिथेच चहा केला आणि कप देताना त्याची बोटं तिच्या बोटांपाशी क्षणभर... उगाचच रेंगाळली.

मग लिफ्टवाला दर रविवारी येऊ लागला. घर बघणाऱ्यांना दुसऱ्या मजल्यापर्यंत धाप लागायची, आणि तिथे तो चहा घेऊन हजर! चहा पिऊन लोक खुशीत उरलेले जिने चढायचे, गच्चीवरून नदी बघायचे, किंमत ऐकायचे आणि आल्या पावली परत जायचे. मागे उरायची ती दोघं, अर्धी किटली आणि न संपणाऱ्या गप्पा.

एका रविवारी मात्र एका जोडप्याला घर पसंत पडलं. किंमतही चालणार होती. बाईंनी सहज विचारलं, "लिफ्ट बसवता येईल ना?"

लिफ्टवाल्याने खिशातून टेप काढली, जिना मोजला आणि म्हणाला, "नाही बसणार."

जोडपं गेलं. तिचा पारा चढला. "गप्प बसायला काय झालं होतं?"

"माझ्या धंद्यात आपण गप्प बसलो की माणसं मधेच अडकतात," तो म्हणाला. "तुम्ही देता का कुणाला चुकीच्या नंबरचा चष्मा?"

ती आणखीच चिडली. "पुढच्या रविवारी येऊ नका!"

तो खरंच आला नाही. किटली तेवढी दुसऱ्या मजल्यावर राहिली होती. येता-जाता नजर तिच्यावर अडखळायची. इतकं शहाण्यासारखं ऐकायची काय गरज होती त्याला?

वर्ष सरत आलं, तेव्हा एक ठसठशीत सासूबाई दोन सुनांना घेऊन आल्या. तिघीही एकमेकींकडे पाठ करून उभ्या. चहा घेताना सासूबाईंनी विचारलं, "लिफ्ट बसेल का गं इथे?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. दुकान, काका, डोळे तपासायची ती उंच खुर्ची... सगळं डोळ्यांपुढून गेलं. तिने हातातल्या किटलीकडे पाहिलं.

"नाही बसणार," ती म्हणाली. "मोजून बघितलंय."

"वा!" सासूबाई खुलल्या. "मग कुणी उगाच वरखाली करणार नाही! एकीला दुसरा, एकीला चौथा, मी मधे तिसऱ्यावर. खाली स्वयंपाकघर. घर एक, पण तोंडाला तोंड नको. काय गं, सूनबाई?"

दोन्ही सुनांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. बाबांची किंमत एका रुपयानेही खाली आली नाही.

दुकान तिच्या नावावर झालं, त्याच आठवड्यात दुकानाच्या दारातली घंटी किणकिणली. लिफ्टवाला!

"किटली राहिली होती माझी..." तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"बसा आधी." तिने त्याला खुर्चीत बसवलं, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली. तो शेवटच्या ओळीतली बारीक अक्षरंही घडाघडा वाचत गेला.

"नजर उत्तम आहे. चष्म्याची गरज नाही."

"माहितीये." त्याने मान वर केली. "ऐका ना... घर बघायला मी एकदाच आलो होतो. नंतरच्या रविवारी मी घर बघायला आलोच नव्हतो."

फ्रेम काढता काढता तिचे हात तिथेच थांबले.

"एवढंच," तो पुटपुटला, "की... या वेळी दुसरं बक्षीस नको."

"या स्पर्धेला एकच प्रवेशिका आली होती," ती हळूच म्हणाली.

"मग निकाल?"

"कधीच लागला. दुसऱ्या मजल्यावर, पहिल्या चहालाच. तूच घ्यायला उशिरा आलास!"

ते 'तू' ऐकून तो फ्रेमसकट हसला. तिने दारावरची पाटी 'बंद' अशी फिरवली आणि घरून आणून ठेवलेल्या किटलीत दोघांपुरतं पाणी ओतलं.