मधल्या कड्या

शुक्रवारी दुपारी सगळे पुरुष नमाजाला जातात, तेव्हा तेगल या बंदरगावातला आमचा जस्ताच्या मुलाम्याचा कारखाना तासभर गप्प असतो. त्या शुक्रवारी मासेमारीच्या बोटींसाठी सहाशे लोखंडी कड्या तीन वाजता बंदरावर जायच्या होत्या. फक्त तपासणीच्या कागदावर माझी सही राहिली होती. मुलाम्याची जाडी मोजायचं गेज घेऊन मी शेवटच्या रॅकपाशी गेले.

सांगताना आजही डोकं फिरतं माझं. जस्ताच्या द्रावणाच्या टाकीत कड्या टांगलेला रॅक बुडवला की वीज कडांकडे जास्त धावते. कडेच्या कड्यांवर जस्त जाड चढतं, मधल्या उपाशी राहतात आणि तेवढा मुलामा झिजला की गंजतात. म्हणून टाकीवरचे जुने कारागीर पाक कास्दू, पाक म्हणजे आमच्याकडचं 'राव', वीस वर्षं रॅकभोवती एक उघडी तार गुंडाळायचे. जादा जस्त ती तार खायची आणि मुलामा सगळीकडे सारखा बसायचा. मालक पाक त्रेस्नोला ते बघवेना.

"तारेला जस्त चारतोस? सासू आहे का तुझी?"

तार गेली, कास्दूंची नोकरीही गेली. मग हुकूम निघाला, फक्त कडेच्या कड्या मोजायच्या. मी मोजल्या. मुकाट सह्या केल्या. जळो ती सही! कास्दू पोटासाठी बोटीवर लागले. वर्षभरात आमचीच एक कडी गंजून तुटली आणि जाळ्याच्या ओझ्याने त्यांना समुद्रात ओढलं. ते सापडले नाहीत.

त्या दुपारी वीज बंद होती. तरी टाकी हळूहळू बुडबुडायला लागली. आंबट वाफेत लवंगेच्या सिगारेटचा वास आला. कास्दू तीच ओढायचे.

"बू विनार... मधली मोजा..."

मला 'बू', म्हणजे बाई, म्हणणारा तो आवाज अगदी खांद्यामागून आला. वळून बघितलं. कोणी नव्हतं.

मी मधली कडी मोजली. बारा मायक्रॉन हवे होते, भरले चार. दुसरी, चार. तिसरीही चार.

"मोजा... सगळ्या मोजा..."

पाक त्रेस्नो डोक्यावरची टोपी न काढताच आत आला. "झाली का सही?"

"नाही. मधल्या चारच भरतायत."

"मधल्या मोजायला कुणी सांगितलं तुला?"

"कास्दूंनी."

तो खो खो हसला. "मेलेली माणसं माझ्याकडे कामाला नाहीत, बू. कर सही." त्याने कागदावर पंजा आपटला.

माझं टाळकंच सरकलं. "मग तुझाच मुलामा मोजते!" म्हणत मी गेज त्याच्या हातावर दाबलं.

ते गेज लोखंडावरच बोलतं, मांसावर काहीच दाखवत नाही. त्याने आकडा दाखवला. नऊ.

"बिघडलंय ते..." तो म्हणाला. मी कोऱ्या लोखंडावर टेकवलं. शून्य, अगदी बरोबर. पुन्हा त्याच्या हातावर टेकवलं.

आठ.

त्याने हात झटकून मागे घेतला. तोंडचं पाणी पळालं होतं त्याच्या. टाकी अजून बुडबुडत होती. "माल थांबव..." एवढंच तो पुटपुटला आणि बाहेर पडला.

मी तो कागद टराटरा फाडला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण आधीच्या सह्यांचे कागद केव्हाच बंदरावर पोचले होते, कड्यांसकट. घरी निघण्याआधी मी गेज स्वतःच्या मनगटावर टेकवलं.

पाच.

आज सकाळी तीनच भरले.