रिकाम्या गाडीत दोष नाही

धुतल्याशिवाय गाडी आत घ्यायची नाही, हा मामांच्या वर्कशॉपचा नियम आहे. चिखलाने माखलेल्या सांध्यात दोष दिसत नाही, आणि न धुतलेल्या गाडीखाली आडवं होणाऱ्याच्या तोंडात काय टपकेल ते सांगता येत नाही. नियम चांगलाच आहे. मी पदार्थविज्ञान शिकले, सहा वर्षं एका प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं तपासली, आणि मामांची नजर अधू झाल्यावर इथे आले. इथली प्रत्येक गोष्ट मी मोजून घेतली होती. हा नियम तेवढा तपासायचा राहिला होता.

भावोजींची पिकअप पहिल्यांदा आली तेव्हा ती धुवायला दोन तास लागले. भावोजी गोठ्यांमधून मेलेली जनावरं उचलतात आणि चरबी वितळवणाऱ्या कारखान्यात पोचवतात. चारही चाकांना जोर असलेली दणकट गाडी, मागे लोखंडी हौदा, जनावर वर ओढायला दोरखंडाचं यंत्र. गरम पाण्याचा झोत मारला की हौद्याच्या कडांमधून राखाडी लोण्यासारखे गोळे सुटून यायचे. पुढच्या आसाला केस गुंडाळले होते, पांढरे आणि तांबडे, ओल्या दोरीसारखे पीळ पडलेले. गटाराच्या जाळीवर साय धरली. मी नाकाला रुमाल बांधला होता, तरी जिभेच्या मुळाशी गोडसर चव येत राहिली. ती रात्रीपर्यंत गेली नाही.

"स्टिअरिंग मधेच आपोआप वळतं," भावोजी म्हणाले. "कधी डावीकडे, कधी उजवीकडे. दिवसातून चार-पाचदा. बाकी वेळ एकदम सरळ."

"आणि मागचे प्रवासी काय म्हणतात?" मामांनी विचारलं.

"त्यांची तक्रार नाही, मामा. उतरताना कोणी भांडत नाही."

मी सगळं क्रमाने तपासलं. टायरमधली हवा. पंपाचा पट्टा, तेलाची पातळी, तेलात फेस आहे का. टायरॉड आणि बॉल जॉइंट, म्हणजे स्टिअरिंग चाकांना जोडणारे सांधे, यांचा ढिलेपणा, तोही मामांच्या पद्धतीने: एकाने वर बसून स्टिअरिंगचं चाक हलकेच डोलवायचं, दुसऱ्याने खाली सांध्यावर बोटं ठेवून ठोका लागतो का बघायचं. स्टिअरिंगचा दांडा कुठे अडकत नव्हता. एखादा ब्रेक धरून राहत नव्हता. फोर-व्हीलचा गिअर सुटायचा राहिला तर डांबरी रस्त्यावर पुढची चाकं ताठरतात, तसंही नव्हतं. चाळीस किलोमीटर चालवून बघितली. गाडी रेषेत गेली. पंधरा दिवसांनी ती परत आली. परत धुतली, परत तपासली. दोन्ही वेळा कारखान्याने पाठवलेल्या तपासणीच्या कागदावर मी लिहिलं: दोष आढळला नाही.

मधल्या काळात भावोजी एकदा खड्ड्यात गेले आणि एकदा मैलाच्या दगडावर.

मग ताई वर्कशॉपमध्ये आली. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आमची आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या वेण्या घालण्यापासून माझ्या फॉर्मवर सही करण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. ती बाकावर टेकली, पण पाठ टेकवली नाही.

"आठ दिवस झाले, घरी आलेला नाही," ती म्हणाली. "कारखान्याच्या शेडमध्ये झोपतो म्हणे. पितो, दुसरं काय. आणि वर गाडीचं नाव पुढे करतो."

"भावोजी पीत नाहीत, ताई."

"तुझीच सही आहे ना कागदावर? दोनदा. गाडीत काही नाही. मग जे आहे ते त्याच्यातच असणार." तिने बोटं एकमेकांत अडकवली. "बुधवारपर्यंत गाडीचा दोष सिद्ध झाला नाही तर कारखाना त्याला काढणार. आणि तसं झालं तर मीही राहणार नाही. वीस वर्षं त्या वासात काढली मी. उशीला वास, टॉवेलला वास, पाण्याच्या पेल्याला वास. माणूस खरं बोलतो, एवढ्याच एका गोष्टीवर काढली."

ती गेल्यावर मामांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "पोरी, आपण रोग्याला आंघोळ घालून, उपाशी ठेवून त्याचा ताप मोजतोय."

ते बरोबर होतं. गाडी वळायची तेव्हा ती घाण असायची आणि भरलेली असायची. आम्ही ती स्वच्छ आणि रिकामी तपासली होती. प्रयोगशाळेत अशी चूक कोणी केली असती तर मी त्याला हसले असते.

सोमवारी मी भावोजींच्या शेजारी बसले. स्टिअरिंगच्या चाकावर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली, मागे कोनमापकाची चकती चिकटवली. वही मांडीवर. सीट चिकट होती. दारावर, आरशावर, गिअरच्या मुठीवर चरबीचा पातळ थर होता, त्यावर बोट ठेवलं की ठसा उमटायचा. हौद्यात सकाळची एक गाय होती, पोट फुगून ताडपत्रीला टेकलेलं. दर खड्ड्याला मागून हवा सुटल्याचा आवाज येई आणि काही क्षणांनी वास. भावोजी एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने डब्यातले घास खात होते. माझ्या वहीच्या तारेतून एक पांढरी अळी वर आली. त्यांनी ती नखाने उडवली आणि पुढचा घास घेतला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्यांच्या बोटांची किळस येत होती, आणि ज्या माणसाची बाजू घ्यायला आले त्याची किळस येते म्हणून स्वतःचीही.

"काय सायंटिस्ट, फिरली का तबियत?"

"नाही."

"पहिल्या दिवशी सगळे नाहीच म्हणतात."

दहा वाजून चाळीस मिनिटांनी, सरळ कोरड्या रस्त्यावर, ताशी पन्नासच्या वेगात पांढरी पट्टी उजवीकडे अकरा अंश सरकली. झटका नव्हता. दोष असता तर झटका बसला असता. चाक सावकाश वळलं, माणूस हाक ऐकून मान वळवतो तसं. भावोजींनी दोन्ही हातांनी ते मागे आणलं. उजव्या बाजूला एक फाटा होता, पांढऱ्या फाटकाच्या गोठ्याकडे जाणारा.

दिवसभरात आणखी तीनदा झालं. पाण्याच्या टाकीजवळ डावीकडे सोळा अंश. मोरीपाशी उजवीकडे नऊ. विटांच्या चिमणीजवळ डावीकडे सात. चारही ठिकाणी फाटा होता, आणि चारही फाटे गोठ्यांना जात होते. मी वेग, वेळ आणि कोन लिहिला. उतार, वारा, रस्त्याची चाकोरी, सगळं लिहिलं. एकातही मेळ बसला नाही.

पाचव्यांदा झालं ते शहरात शिरताना, चौकात. पट्टी डावीकडे वळली. वीस अंश. भावोजींनी खांदा लावून चाक सरळ केलं, त्यांची नखं पांढरी पडली. डावीकडचा रस्ता ताईच्या घराकडे जातो.

"इथलं लिहू नकोस," ते म्हणाले.

"का?"

त्यांनी गाडी सरळ कारखान्याच्या रस्त्याला घातली.

मंगळवारी मी पुन्हा भावोजींच्या शेजारी होते. सकाळी जनावर उचलायचा पहिला फोन पांढऱ्या फाटकाच्या गोठ्यातून आला. दुसरा मोरीपलीकडून. मी वही उघडी ठेवली होती. दोन म्हणजे योगायोग असू शकतो. त्या भागात गोठे पुष्कळ आहेत. पाण्याच्या टाकीजवळ चाक इतकं वळलं की भावोजींनी मला विचारलं, "बघायचंय?" आणि हात सोडले. पिकअप स्वतः फाट्यावर वळली, कच्च्या रस्त्याने गेली आणि एका आवारात थांबली. ब्रेक भावोजींनी लावला. तेवढंच त्यांनी केलं.

गोठ्याच्या दारात एक म्हातारा उभा होता. त्याच्या हातात फोन होता, नंबर अजून लावायचा होता.

"तुम्हाला कोणी कळवलं?" तो म्हणाला. "आत्ताच गेली ती. मी हात धुतोय तोवर."

 गाय वर ओढताना तो मागे वळून गाडीच्या पुढच्या भागाकडे बघत होता. मी गोठ्याच्या भिंतीमागे जाऊन ओकले. पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी. परत आले तेव्हा गायीच्या डोळ्यांवर माश्या आल्या होत्या. अजून ती गरम होती आणि माश्यांना कळलं होतं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "किती दिवसांपासून?"

"फाट्यांचं वर्ष झालं. आधी चाक नुसतं जरासं सरकतं. वेळ जवळ आली की वळतं."

"आणि चौकातलं?"

त्यांनी गिअरच्या मुठीवरची चरबी अंगठ्याने खरवडली.

"अकरा दिवस," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी वाटलं, गाडीला घरचा रस्ता माहीत झालाय. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी जास्त वळलं. तेव्हापासून घराकडे जात नाही. मी नेलीच नाही तर काय करेल ती?"

"ताईला सांगितलंत?"

"काय सांगू, सायंटिस्ट? तूच सांग, कसं सांगायचं ते."

 मी फक्त म्हणाले की बुधवारी गाडी आहे तशी, भरलेली, न धुता वर्कशॉपमध्ये आणा. मोजमाप करायची माझी एक पद्धत उरली होती.

बुधवारी मामांनी वर्षानुवर्षांचा नियम मोडला आणि स्वतः फाटक उघडलं. सकाळचे अकरा वाजले होते, पत्रा तापला होता. हौद्यात कालचीच गाय होती, आता हिरवट. ताडपत्रीखालून ओघळ आला आणि फरशीच्या फटीत शिरला. मामा तोंडाला टॉवेल लावून दूर जाऊन बसले. मी पुढची चाकं अलाइनमेंटच्या तबकड्यांवर चढवली. या तबकड्या छऱ्यांवर फिरतात, आणि चाक किती वळलं ते काठावरच्या अंशांवर दिसतं. इंजिन बंद केलं. किल्ली काढून मामांच्या हातात दिली. दोन्ही काटे शून्यावर होते.

मग ताई आली. ती फाटकाशी थांबेल असं मला वाटलं होतं, पण ती आत येऊन भिंतीजवळच्या बाकावर बसली. भावोजी दुसऱ्या कोपऱ्यात, नळापाशी उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"सरळ सांग मला," ताई म्हणाली. "गाडी की हा?"

मी उत्तर देणार होते. तेवढ्यात छऱ्यांचा बारीक आवाज आला.

दोन्ही चाकं उजवीकडे वळली होती. डावं पंचवीस अंश. उजवं बारा.

उजवीकडे वळताना उजवं चाक जास्त वळतं आणि डावं कमी. सगळ्या गाड्यांत तसंच असतं. दोन्ही चाकं एका लोखंडी दांड्याने बांधलेली असतात, त्यांना दुसरं काही करताच येत नाही. इथे उलटं होतं. दोन्ही चाकांच्या रेषा पुढे जाऊन एकमेकींना मिळत होत्या, डोळे एखाद्या जवळच्या वस्तूवर रोखले की मिळतात तशा. मी खाली वाकून दांडा पाहिला. सरळ होता.

दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर. मी मनात हिशेब केला. रेषा सुमारे सहा मीटरवर मिळत होत्या.

बाक साधारण तेवढाच दूर होता.

"भावोजी," मी म्हणाले, "जरा फाटकापर्यंत जाऊन या."

ते गेले. काटे हलले नाहीत.

"ताई, तू जरा इकडे, खिडकीपाशी ये."

"काय चाललंय तुझं?" ती उठली आणि खिडकीकडे चालू लागली.

छरे वाजले. डावं अठरा. उजवं चार. डावं दहा. ती थांबली. काटे थांबले.

भावोजी फाटकातून हे बघत होते. ते माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवत होते, पुन्हा पुन्हा.

"सांगतेस ना?" ताई म्हणाली. तिचा आवाज हलला. एवढ्या वर्षांत तो हललेला मी ऐकला नव्हता.

मला तिला दुसरं काही सांगायचं होतं. पण तिने विचारलं होतं ते हे होतं, आणि याचं उत्तर मला माहीत होतं.

"भावोजी खरं बोलत होते," मी म्हणाले. "दोष गाडीतच आहे."

तिने डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. मग ती सरळ पिकअपकडे चालत आली, मी "थांब" म्हणेपर्यंत पोचलीसुद्धा. डावं चाक आत वळलं, उजवं चाक आत वळलं. तिने बॉनेटवर हात ठेवला. वीस वर्षांत तिने या गाडीला हात लावलेला नव्हता.

"ये रे," ती भावोजींना म्हणाली. "घरी चल. मी याच गाडीतून येते तुझ्याबरोबर."

ते जागचे हलले नाहीत. मामा टॉवेलमध्ये ओकाऱ्या देत होते. ओघळ तिच्या चपलेपर्यंत आला होता.

"बरं झालं धुऊन घेतलीत," ताई माझ्याकडे बघून हसली. "आज अजिबात वास येत नाही."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात एक माशी येऊन बसली. मग दुसरी. ताईने त्या हाकलल्या नाहीत.