चांगुणाबाईंची निवड

भ्रूणवेधी यंत्राच्या पडद्यावर शेवटच्या वाणाचा चारशेवा दाणा आला, तशी डॉ. विशाखा म्हात्रे खुर्चीतून अर्धी उठली. दाण्यातला अंकुर आई-बाप दोघांचा आहे की एकट्या आईचा, एवढंच ते यंत्र सांगायचं. उत्तर आलं : एकट्या आईचा.

"संपलं," तिचे सहकारी डॉ. फिरोज मुकादम म्हणाले. "दोनशे बारा जुने वाण तपासून झाले. हा शेवटचा होता. तुझ्या आत्याची तांबडी खारी."

"परत लाव, फिरोज."

"तीनदा लावलंय. आणखी तीनदा लावलं म्हणून यंत्राला दया येणार आहे का?"

बावीस वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत विशाखानं 'मातृबीज' भात घडवला होता. संकरित भात जोमदार येतो खरा, पण त्याचं बी ठेवून पेरलं की जोम विस्कटतो, आणि शेतकऱ्याला दरवर्षी बियाणं कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं. विशाखानं त्याला एक कुलूप-जनुक बसवलं. मग अंकुर एकट्या आईपासूनच वाढायचा. बी म्हणजे हुबेहूब आई, पिढ्यान्‌पिढ्या तोच जोम. एकदा न्या, जन्मभर पेरा! कंपन्यांनी हे कुलूप कापून पुन्हा धंदा मांडू नये म्हणून तिनं ते दाणा भरणाऱ्या जनुकालाच जखडून टाकलं. कुलूप कापलं की दाणा पोचट. गावोगाव तिचे सत्कार झाले, आणि खोटं कशाला बोला, ती त्याला लायकच होती.

पण करायला गेले गणपती आणि झाला मारुती. खारेपाटाच्या सतरा गावांत समुद्र दरवर्षी थोडा थोडा बांधाआत सरकत होता. यंदा तिथलं मातृबीजाचं रोप न् रोप एकाच आठवड्यात करपलं. सगळी एकाच आईची. एकीला जे सोसेना ते कुणालाच सोसेना. खाडीतल्या रानभाताला मात्र ते खारं पाणी सहज मानवायचं. त्याचा पराग स्वीकारणारी एक खरी आई सापडली असती, तर खारेपाट वाचला असता. एक रोप, बस्स.

"कोडं मला वेगळंच पडलंय," फिरोज म्हणाले. "मातृबीजातही पराग ठेवावा लागला, कारण त्याच्याशिवाय दाणा भरत नाही. निम्म्या परागकणांत कुलूप असतं, आणि तो कण जुन्या भातावर पडला की पुढचं रोप कुलूपबंद होतं, तेही मान्य. पण भातच तो! शंभरात एखादं फूल परका पराग घेतं, तेही अगदी शेजारचा. मग बावीस वर्षांत शंभरच्या शंभर दाणे कसे बाटले?"

जुने वाण शीतगृहात कोंडण्यापेक्षा शेतातच जिवंत ठेवावेत, गावोगावच्या 'बीजरक्षकां'नी दरवर्षी निवडून पेरावेत, हे धोरण विशाखानंच लिहिलं होतं. त्यानंतर शीतगृह बंद झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं गाडी काढली आणि खारेपाट गाठला.

चांगुणाआत्यानं तिला आईमागे वाढवलं होतं. आत्याचं खाचर जरा उंचावर, म्हणून वाचलं होतं. कापणीआधीची निवड चालली होती. पंचाहत्तरीची म्हातारी कमरेत वाकून एकेक लोंबी तळहातावर तोलत होती. राज्यातली आदर्श बीजरक्षक ती. अकरा वेळा शाल मिळाली होती.

"आलीस गो पोरी? वाळलीस किती! बघ माझं शेत. बोटभर तरी फरक आहे का कुठं? तुझ्या लहानपणी काय अवतार असायचा, एक उंच, एक बुटकं, एक आज पिकलं तर दुसरं आठ दिवसांनी. सगळं सरळ केलं मी!"

विशाखानं शेतभर नजर फिरवली. "निवडायचीस कशी, आत्या?"

"कशी म्हणजे? लोंबी जड, दाणा टपोरा, काडी ताठ. सुरुवातीला शंभरात एखादंच रोप असं दिसायचं, देवानं दिल्यासारखं. त्याचंच बी धरायचं. किडकिडीत ती कोंबड्यांना."

तिथंच फिरोजचं कोडं सुटलं. परका पराग लागलेलं ते एखादंच रोप संकराच्या जोमानं चार रोपांत उठून दिसायचं. एरवी पुढच्या पेरणीत तो जोम विरला असता. कुलूप असलेल्यांत विरत नव्हता. आणि म्हातारीची नजर नेमकी त्याच्यावर जायची. पुढच्या वर्षी तशी दहा, मग अर्धं शेत, मग सगळं. जितका निवडणारा हात चांगला, तितकी खरी आई लवकर मेली.

म्हणजे वाईट हाताचा कुणी असेल तर! विशाखा एकदम ओरडली, "आत्या, काशीनाथकाका अजून शेत करतात?"

"काश्या? तो आळशी? करतो की."

काशीनाथ ठाकूर म्हणजे गावची चेष्टा. लोंब्या निवडायच्या सोडून बांधावर झोपायचा, हाताला येईल ते बी पेरायचा. त्याच्याकडे तांबडी खारी जशीच्या तशी उरली असणार. विशाखा चिखलातून जवळजवळ पळतच त्याच्या पडवीत गेली. आत्या मागून धापा टाकत आली.

काशीनाथ लगबगीनं उठला. "बाय, बस. बी बघायला आलीस ना? बघ, आता माझंही शेत चांगुणेसारखंच आहे. तुझं पत्र आलं होतं ना मला, बी भेसळ आहे, तुम्ही बीजरक्षक म्हणून बाद. लय लागलं गो मनाला. खाली तुझी सही होती. खांद्यावर खेळवलेली पोर तू!"

"आणि जुनं बी?"

"तू लिहिलंस तसंच केलं. होतं नव्हतं ते गिरणीत नेऊन भरडलं, आणि चांगुणेकडनं बी आणलं. दहा वर्षं झाली. एक दाणा इकडचा तिकडं होऊ दिला नाही."

तशी पत्रं विशाखानं साडेतीनशे बीजरक्षकांना पाठवली होती. राज्यातल्या एकूण एक आळशाला. ती पडवीच्या पायरीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली.

आत्या शेजारी टेकली. "काय झालं ते सांग बघू. माझं काही चुकलं का?"

विशाखानं सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटी म्हणाली, "तुझा डोळा चुकला नाही, आत्या. डोळा चांगला होता, म्हणूनच गेलं. चूक माझ्या कागदात होती."

चांगुणाबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले. समोर काशीनाथचं शेत, तेही उंचावरचं म्हणून वाचलेलं, उभं होतं, सगळं एका उंचीचं.

"मग तेव्हाच सांगायचं होतंस ना गो," त्या म्हणाल्या. "जिवावर आलं असतं, पण निवडली असती मी वाईट."