झाकणाला भोक असलेला ड्रम

नांदेडच्या स्टँडवर लातूरची गाडी लागली आणि सिंधू आपल्या निळ्या ड्रमसकट दारात अडकली. ती आत, ड्रम बाहेर. मागून माणसांचा रेटा आणि आतून कंडक्टरचा आवाज, "ओ ताई, ड्रमचं लगेज पडतं बरं का!" ड्रम काही फार मोठा नव्हता, तिच्या कमरेला लागेल एवढाच. पण मे महिन्यात एसटीच्या दारात हातातली पिशवीसुद्धा जड होते, तिथं ड्रमची काय कथा!

तेवढ्यात ड्रम एकदम हलका झाला. बाहेरून कुणीतरी तो अलगद आडवा केला होता.

"ओढू नका म्याडम, फिरवा. हां... असा. आला बघा!"

ड्रम आला आणि त्याच्यामागून तोही आला. उन्हानं रापलेला, हसला की एकाच गालाला खळी पडणारा. दुसऱ्या गालाला का पडत नाही, असा एक खुळा विचार सिंधूच्या मनात येऊन गेला आणि ती स्वतःवरच चिडली. रिकामी जागा तिच्या शेजारीच होती. तो बसला आणि ड्रम त्यानं स्वतःच्या गुडघ्यांत धरला.

गाडी निघाली. मागच्या सीटवर दोन म्हातारे उदगीर जिल्हा होणार की नाही यावर भांडत होते. "जिल्हा कवाबी करा म्हणावं, आधी पाणी द्या," असं म्हणत त्यातला एक पुढं वाकला आणि त्याची नजर ड्रमवर पडली.

"पोरी, पाण्याचं कळलंय का काई? कुटं येऊन राहिलंय?"

झालं! अर्धी बस वळून बघायला लागली. त्या उन्हाळ्यात लातुरात मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. रिकामा ड्रम घेऊन कुणी घाईघाईनं निघालं, की त्याला आतली बातमी आहे, असंच लोक धरून चालत.

"पाण्यासाठीच ना ड्रम?" शेजारच्यानं हळूच विचारलं.

सिंधूनं तोंड उघडलं. खरं उत्तर जिभेवर होतं. पण लग्नाच्या वयाची मुलगी भर एसटीत "बियर करायला" असं म्हणणार कशी?

"हाव," ती म्हणाली. "पाण्यासाठीच... दुसरं काय!"

"मग काळजी सोडा. मी टँकरवरच हाय. व्यंकटी म्हणत्यात मला, रेणापूरकडचा. सोमवारपासून तुमच्या लातुरातच गाडी लावून राहिलो. गल्ली कोणती तुमची?"

तिनं गल्ली सांगितली. सांगायला नको होती, हे तिला चाकूर मागं गेल्यावर सुचलं. पण तोवर तिनं ड्रमवर ठेवलेल्या हाताशेजारी त्याचाही हात आला होता, खड्डा आला की दोन्ही हात एकमेकांना लागत होते आणि नांदेड-लातूर रस्त्याला खड्ड्यांची कधीच कमी नव्हती.

खरी गोष्ट अशी, की सिंधूला ड्रममध्ये प्यायचं पाणी साठवायचंच नव्हतं. नांदेडला तिनं सूक्ष्मजीवांचं शास्त्र शिकून एम.एस्सी. केलं होतं आणि यीस्ट या न दिसणाऱ्या जीवावर तिचा फार जीव जडला होता. मागं एका बियरच्या कारखान्यात मुलाखतीला गेली, तर तिथल्या साहेबांनी विचारलं, "पुस्तकातलं राहू द्या. स्वतःच्या हातानं काय आंबवलंय?" सिंधू म्हणाली, "इडलीचं पीठ." टेबलापलीकडचे सगळे खो खो हसले. ते हसणं तिच्या डोक्यातून जात नव्हतं. आता औरंगाबादच्या दुसऱ्या कारखान्यानं जूनच्या अखेरीस बोलावलं होतं आणि या वेळी तिला मान वर करून उत्तर द्यायचं होतं.

तिचे वडील, नरसिंग गुरुजी, पंचशील पाळणारे. दारूचा थेंब कधी त्यांच्या ओठाला लागला नव्हता. पण मुलीनं बेत सांगितला तेव्हा ते रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "पहिल्यांदा आल्याची कर. नशा न चढणारी. म्हणजे माझं पाचवं शीलबी मोडत न्हाई आन् मला चाखायलाबी येतं. सामान तर तेच लागतं ना?"

सामान तेच लागत होतं. म्हणून तर ड्रम आला होता.

सोमवारी टँकर गल्लीत शिरला. घागरी, बादल्या, पातेली घेऊन बाया धावल्या. व्यंकटीनं पाईप उचलला, गर्दीवरून नजर फिरवली आणि सरळ सिंधूच्या दाराशी येऊन निळ्या ड्रममध्ये सोडला. पाणी धो धो पडलं. बायांनी जो गिल्ला केला, तो पार चौकापर्यंत ऐकू गेला असेल.

"नवा ड्रम हाय, शकुन करून राहिलो!" तो सगळ्यांना म्हणाला आणि तिच्याकडं बघून खळी पाडली.

सिंधूला हसावं की रडावं कळेना. टँकर गेल्यावर तिनं ते सगळं पाणी तांब्यातांब्यानं काढून शेजारच्या नागुबाईच्या घागरीत भरलं. नागुबाई एकटी, गुडघ्यानं अधू. गर्दीत घुसणं तिला जमत नसे आणि तिच्यापर्यंत पाईप येईस्तोवर टँकर आटलेला असे. पोरगी आपणहून पाणी देते म्हणून म्हातारी तोंडभरून आशीर्वाद देई आणि प्रत्येक आशीर्वादाला सिंधू आणखी ओशाळत जाई.

टँकर येत राहिला, ड्रम भरत राहिला. एका खेपेला ड्रमला तोटी बसवायची होती, तर व्यंकटी स्वतःच पाना घेऊन ओट्यावर बसला.

"अगदी तळाशी नको," सिंधू म्हणाली. "चार बोटं वर."

"मग चार बोटं पाणी तळालाच राहील की."

"खाली गाळ बसतो ना... तो येऊ नये म्हणून."

"हाव, गाळ तर लई हाय आजकाल," तो कौतुकानं म्हणाला. "लई इचार करता तुम्ही. अन् झाकणाला हे भोक कशाला?"

त्या भोकातून नळी जाणार होती, आतली हवा बाहेर सोडायला. आता हे कसं सांगायचं?

"श्वास घ्यायला," तिनं ठोकून दिलं.

"ड्रमला बी श्वास लागतो?"

"सगळ्यांना लागतो."

त्यानं पान्यावरून नजर उचलली. ती जरा जास्तच वेळ सिंधूवर राहिली. "तोटी घट्ट बसली बघा," तो शेवटी म्हणाला, आणि तोटीकडं दोघांचंही लक्ष नव्हतं.

अशी एकेक वस्तू घरात येत गेली. मेडिकलमधून पातळ नळी. साखर कारखान्यातल्या मैत्रिणीकडून रसाचा गोडवा मोजायची काचेची कांडी. सिद्रामप्पाचं सोड्याचं दुकान पाण्याअभावी बंद पडलं होतं. तिथून बाटलीला पत्र्याचं बूच ठोकायचं जुनं यंत्र. राहता राहिल्या बाटल्या. त्या भंगारवाल्याकडं मिळत होत्या. मजबूत, तपकिरी, बियरच्याच. सिंधूनं पोतंभर घेतल्या, ओढणीनं तोंड झाकलं, आणि भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना, घराकडं निघाली.

कुत्रं नव्हतं, पण टँकर होता.

"म्याडम, द्या इकडं, जड हाय." व्यंकटीनं पोतं उचललं. आत खळ्ळकन वाजलं. त्यानं पोत्याचं तोंड जरासं उघडून पाहिलं, पुन्हा मिटलं आणि पोतं खांद्यावर घेऊन चालू लागला. दारात पोतं ठेवून एवढंच म्हणाला, "घाबरू नका. मी कुणाला बोलणार न्हाई." आणि असा काही कळवळून तिच्याकडं बघत गेला, की सिंधू चक्रावली.

उलगडा दोन दिवसांनी झाला. ती बाजारातून आली, तर नरसिंग गुरुजी ओट्यावर पोट धरून हसत होते.

"तुझा टँकरवाला येऊन गेला."

"माझा कशाला, बाबा!"

"बरं, गल्लीचा. इथं बसला माझ्यापशी. माझा हात हातात घेतला आन् म्हणतो, गुरुजी, पोरीच्या जातीला बाटल्या वाहायला लावता, बरं दिसतं का? सोडा आता. माझ्या चुलत्यानं सोडली, तुमचीबी सुटंल. डोळ्यांत पाणी होतं गं पोराच्या!"

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"न्हाई. म्हणलं, आजपासून सोडली! लई आनंद झाला त्याला." गुरुजींनी चष्मा काढला. हसू विरलं होतं. "जन्मात न पिता दारू सुटली माझी. पण पोरगं खरं हाय, सिंधू. खऱ्या माणसाला लई दिवस खोट्यात ठेवू नये. आता तू सांग."

सिंधूला त्या क्षणी दोन गोष्टी कळल्या. एक, की व्यंकटीवर तिचा जीव बसला आहे. आणि दुसरी, की त्याला खरं कळलं तर तो निघून जाईल. लोक घागरभर पाण्यासाठी डोकी फोडून घेत होते आणि इथं बियर!

पुढच्या टँकरला गल्ली पांगेपर्यंत ती थांबली. मग गाडीच्या चाकाशी उभी राहून एका दमात सगळं सांगून टाकलं. यीस्ट, मुलाखत, इडलीचं पीठ, आलं, बाटल्या... सगळं.

"म्हणजे हातभट्टी?" व्यंकटीनं इकडंतिकडं बघत विचारलं.

"हातभट्टी नाही हो! आल्याची... लिंबूसरबतासारखी. फसफसणारी."

"मग त्या दिवशी गाडीतच सांगायचं की."

"अख्खी बस कान देऊन बसली होती!"

"अन् पाणी? सगळ्यांच्या शिव्या खाऊन मी पहिला पाईप तुमच्या ड्रममध्ये सोडून राहिलो. ते कुठं गेलं?"

"नागुबाईकडं. एक तांब्याही मी ठेवून घेतला नाही. विचारा तिला."

तो बराच वेळ पाईप गुंडाळत राहिला. गुंडाळलेला पाईप त्यानं पुन्हा उलगडला आणि पुन्हा गुंडाळला.

"टँकरचं पाणी गल्लीचं हाय," अखेर तो म्हणाला. "बियरला देता येणार न्हाई मला. राग मानू नका."

"मी मागितलं कुठं?"

"तेच की," तो म्हणाला, आणि गाडीत चढला.

त्यानंतर टँकर आला की पहिला पाईप नागुबाईच्या दारात जाई. सिंधूच्या ड्रमची पाळी सगळ्यांसारखी रांगेनं. "म्याडम" नाही, खळी नाही. घरात कोपऱ्यात नळी, कांडी, यंत्र आणि धुतलेल्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या आणि बाकीच्या वेळी ती त्यांच्यावरची धूळ पुसत बसायची. मुलाखत जवळ आली होती. गल्लीच्या पाण्याला हात लावायचा नाही, पहिल्या पावसाच्या पाण्यावर करायची, हे तिनं ठरवलंच होतं, पण पावसाचा पत्ता नव्हता. पुन्हा एकदा "इडलीचं पीठ" म्हणायची तयारी तिनं केली. साहेब हसले तर हसू देत. हसणारा एकच माणूस तिला हवा होता आणि तो हसत नव्हता.

मग रविवारी सकाळी दाराशी मोटारसायकल थांबली. मागं दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन बांधलेले. व्यंकटी उतरला. केस धुळीनं ताठ, शर्टावर घामाचे नकाशे, चेहऱ्याचा मूळ रंग ओळखू येऊ नये अशी अवस्था.

"हे घ्या," तो कॅन ओट्यावर ठेवत म्हणाला. "टँकरचं न्हाई. माझं हाय."

"तुमचं म्हणजे?"

"घरी आंघोळीला अर्धी बादली येते माझ्या वाट्याला. ती... साठवून राहिलो. झाकून ठेवलंय, स्वच्छ हाय."

सिंधू त्या कॅनकडं बघत राहिली, मग त्याच्याकडं. "म्हणजे त्या दिवसापासून तुम्ही..."

"न्हाई केली."

"वाटलंच. वास मघाशी, मोटारसायकल चौकात होती तेव्हाच आला!"

आणि खळी पडली. धुळीतून पडली, पण पडली. सिंधूच्या डोळ्यांना मात्र धार लागली, आणि ती हसतही होती, आणि कुठलं आधी पुसावं तेच तिला कळेना.

आतून गुरुजींचा आवाज आला, "सिंधू, कोण आलंय? पाहुण्याला आधी पाणी दे!"

तिनं कॅन उघडला, तांब्या भरला. "ओंजळ धरा."

"अहो, ते बियरचं हाय..."

"धरा म्हणते ना."

त्यानं ओंजळ धरली. तिनं बारीक धार सोडली, थेंब वाया जाऊ नये अशी, खाली घमेलं ठेवून. त्यानं तोंड धुतलं. धूळ गेली आणि बसमधला तो चेहरा पुन्हा वर आला, ओला, हसरा, आणि आता जरासा घाबरलेला.

"औरंगाबादला नोकरी लागली तर जाणार तुम्ही," तो म्हणाला.

"जाणार."

"तिकडं टँकर लागत असतील?"

"लागू नयेत असं म्हणा."

"मग ट्रक चालवीन. काहीबी चालवीन." त्यानं ओल्या हातांनी ड्रमचं झाकण उचललं, भोकातून बोट घातलं, काढलं. "हे भोक कशाला म्हणला होता? पुन्हा एकदा सांगा."

"श्वास घ्यायला."

"माझाबी अडकून राहिलाय," व्यंकटी म्हणाला. "नांदेडच्या स्टँडपासून... सिंधू."

म्याडम नाही, काही नाही. नुसतं सिंधू. तिनं त्याच्या हातातून झाकण काढून घेतलं. हात मात्र तिथंच राहू दिला, आणि या वेळी रस्त्यात कुठलाही खड्डा नव्हता.

"आलं किसता येतं का तुम्हाला?" तिनं विचारलं.

"शिकीन की."

"मग या आत. बाबांना पहिला ग्लास द्यायचाय. फार कष्टानं दारू सोडलीय त्यांनी."