उजव्या हाताचा शेजारी

घर पाहायला मी एकटाच गेलो होतो. शनिवार होता, ऊन होतं, आणि परत येताना बाजारातून कांदे आणायचे होते. म्हणून सायकलला मागची टोपली लावली होती. त्या दिवसाबद्दल मला आधी हेच आठवतं, आणि ते किती साधं होतं हे आठवून अजून नवल वाटतं.

मी गेर्विन. सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि गावाबाहेरच्या डुकरांच्या कत्तलखान्यात धुलाईच्या पाळीला लागलो. रक्त, आतडी, चरबी, सगळं गरम पाण्याच्या फवाऱ्यानं नाल्याकडं ढकलायचं, हेच माझं काम. हे आधी सांगतो, कारण पुढं सगळं वासाचं आहे आणि मी वासाला घाबरणारा माणूस नाही. माझी बायको लियान म्हणायची, "तुला नाक दिलंय ते फक्त चष्मा टेकवायला."

लियान पाच महिन्यांची गरोदर होती. आम्ही तिच्या आईच्या माळ्यावर राहत होतो. उभं राहिलं की माझं डोकं तुळईला लागायचं, आणि तिच्या आईनं स्पष्टच सांगितलं होतं की माळ्यावर ट्रंका ठेवतात, बाळं नाही. गावातली बाकीची घरं बघायला रांग लागायची आणि दर वेळी कुणीतरी आमच्यावर चढी बोली लावून घर घेऊन जायचं. या घराला मात्र आमच्याशिवाय कुणीच बोली लावली नाही.

जुन्या सूतगिरणीच्या कामगारांची वस्ती ती. शांत गल्ली, विटांची जोडघरं, खिडक्यांत कुंड्या. आमचं घर शेवटचं. पण त्याचं जुळं भावंड नव्हतं. मधली भिंत नव्यानं गिलावा करून बाहेरची भिंत केली होती आणि पलीकडं नुसती मोकळी जागा होती, गवत वाढलेली.

"इथं काय होतं?" घर दाखवणाऱ्या दलालबाईंना मी विचारलं.

"दुसरं घर. नगरपालिकेनं पाडलं. तुम्हाला बाग मोठी करता येईल."

"का पाडलं?"

"जुनं होतं."

"हेपण तेवढंच जुनं आहे ना?"

त्या हसल्या. "म्हणून तर तुम्हाला परवडतंय."

न्हाणीघरात पांढरा लोखंडी टब होता. त्या तिथं आत आल्या नाहीत, दारातूनच बोट दाखवलं. मला वाटलं, उंच टाचांचे बूट आहेत, फरशी निसरडी आहे.

आमच्याकडं नवीन माणूस राहायला आला की गल्लीला घरी बोलावतो. शेजारी हाताएवढा लांब मनुकांचा पाव घेऊन येतात, कडक दारूचे इवलेसे ग्लास भरले जातात, आणि मग ठरतं की कोण कुणाचा पहिला शेजारी. दाराकडं पाठ करून उभं राहायचं. उजव्या हाताला जो राहतो तो तुमचा पहिला शेजारी. त्याच्याकडं बाळ जन्मलं, कुणी आजारी पडलं, कुणी मेलं, की सगळ्यांत आधी तुम्ही जायचं. मेलेल्याला धुवायचं, कपडे घालायचे, ते पहिल्या शेजाऱ्याचं काम. तुमच्या वेळी तो येतो. शहरातल्या लोकांना हे विचित्र वाटतं, पण आमच्याकडं असंच आहे.

ऑक्टोबर होता. सगळे दारात जमले होते. डावीकडच्या डीनीमावशी, म्हणजे सत्तरीच्या वोल्टरिंकबाई, पाव कापत होत्या. कुणीतरी म्हणालं, "चल पोरा, उभा राहा." मी दाराकडं पाठ केली. उजव्या हाताला गवत होतं.

सगळे गप्प झाले. डीनीमावशींची सुरी पावात तशीच राहिली.

मला लोक गप्प झालेले सहन होत नाहीत. कान तापतात, तोंडाला येईल ते बोलून जातो. लियाननं मला कोपर मारलं, आणि मी ग्लास गवताकडं उचलून म्हणालो, "मग तोच माझा पहिला शेजारी! लागेल ते करीन त्याच्यासाठी."

मी प्यायलो. दुसऱ्या कुणीच ग्लास ओठाला लावला नाही.

वास त्याच संध्याकाळी सुरू झाला.

गटाराचा नव्हता तो. मेलेल्या उंदराचाही नव्हता, तो मला ओळखता येतो. हा गोडसर होता. प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात विसरलेल्या मांसासारखा, आणि त्यात माणसाच्या न धुतलेल्या उशीचा वास. तो नाकात थांबत नव्हता, जिभेवर उतरायचा. लोणी उघडं राहिलं की लोण्याला लागायचा. कॉफीच्या तळाशी असायचा. मी सकाळी दात घासायचो आणि ब्रशलाच तो वास यायचा.

उजवीकडची भिंत घामेजायला लागली. ओल नव्हती, तेल होतं. पिवळट, चिकट. पुसलं की फडकं कडक होऊन जायचं. थंडी पडली होती तरी माश्या आल्या, सुस्त, जाड माश्या, हाकलल्या तरी न उडणाऱ्या. दारालगतची जमिनीतली फळी उचलून मी घराखालच्या पोकळीत उतरलो, पोटावर सरपटत सगळं तपासलं. खाली कोरडी वाळू होती. तिथं वास अजिबात नव्हता.

टबात रोज संध्याकाळी एक कडं दिसायचं. तपकिरी, बोटभर जाड, मऊ. कुणी तरी बराच वेळ बसून उठल्यासारखं. पाणी जायच्या जाळीत पांढरे केस, आणि एकदा त्यांत पिवळं, वाकडं, अख्खं नख.

लियान अजून आईकडंच होती, रविवारी पडद्यांची मापं घ्यायला आली. दारातच थांबली, तोंडावर हात ठेवला आणि गुलाबाच्या वाफ्यात ओकली. मग तोंड पुसून म्हणाली, "गेर्विन, हे काय आहे?"

"नळाचं काहीतरी असेल."

"नळाचं? मला लहान पोर समजतोस का? माझ्या बाळाला मी या घरात श्वास घेऊ देणार नाही. वास काढ, नाहीतर मी आईच्या माळ्यावरच बाळंत होते. आणि तू राहा इथं, तुझ्या नळासोबत."

ती गेली. घर विकायचं म्हटलं तरी घेणार कोण होतं?

मी डीनीमावशींकडं गेलो. त्यांनी कॉफी दिली, एक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "बसला का टबात?"

मी नाही म्हणून मान हलवली. "अजून दिसला नाही... कोण आहे तो?"

"बेरेंट. त्या पाडलेल्या घरात एकटाच असायचा. तुझ्या घरात तेव्हा डेर्क राहायचा, तो त्याचा पहिला शेजारी. बेरेंट उन्हाळ्यात मेला. डेर्कला वास आला होता. भिंतीतून येत होता, येणारच. पण त्यानं खिडक्या लावून घेतल्या आणि गप्प राहिला. म्हणाला, मला किळस येते. अख्खा उन्हाळा, पोरा. शेवटी शहरातून मुखवटे घातलेली माणसं आली आणि खुर्चीसकट घेऊन गेली. धुवायला उरलंच काय होतं?"

"आणि तुम्ही?"

"आम्हीसुद्धा नाक मुरडलं. खोटं कशाला बोलू? त्याला हात लावायचा हक्क पहिल्या शेजाऱ्याचा, असं म्हणून सगळ्यांनी सोय करून घेतली." त्यांनी कप फिरवला. "बेरेंट अंघोळीसाठी त्याच्या टबात येऊन बसायला लागला, तेव्हा डेर्क पळाला. मग घर रिकामं होतं, बेरेंट गप्प होता. आणि तू ग्लास उचललास."

"मी गंमत केली होती, मावशी."

"तू केलीस. त्यानं खरं मानलं."

बाहेर अंधारून येत होतं. मी म्हणालो, "मग आता?"

"आता काय. कोमट पाणी घे. साबण घे. आधी तोंड, मग हात, मग बाकीचं. धुताना त्याच्याशी बोल. आणि एक लक्षात ठेव... नाक धरू नकोस. किळस दाखवू नकोस. मेल्यापासून त्यानं तेवढंच पाहिलंय."

मी घरी आलो. न्हाणीघराचं दार लोटलेलं होतं, आतून पाणी हलल्याचा आवाज येत होता. फार हळू. म्हातारा माणूस टबात कूस बदलतो तसा.

दिवा लावायची हिंमत झाली नाही. खिडकीतून रस्त्यावरचा उजेड येत होता, तेवढा पुरला.

तो पाठ करून बसला होता. पाठ काळपट, फुगलेली, आणि मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी खुर्चीच्या वेताची जाळी उमटलेली. मी बादली ठेवली. गुडघ्यावर बसलो. वास आता वास राहिला नव्हता, तो तोंडात भरलेला घास होता. आणि सगळ्यात घाण गोष्ट सांगू? तो इतका गोड होता की माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"नमस्कार, बेरेंटकाका," मी म्हणालो. "मी गेर्विन. नवीन आलोय."

त्यानं तोंड वळवलं. आधी तोंड, असं मावशी म्हणाल्या होत्या. फडकं गालावर ठेवलं आणि गाल फडक्याबरोबर सरकला, तापलेल्या दुधावरची साय सरकते तसा. मी तो पुन्हा जागेवर बसवला. कानातून एक माशी चालत बाहेर आली आणि माझ्या मनगटावर थांबली. मी तिला राहू दिलं. काखेतलं जे होतं ते बोटांनी काढावं लागलं. बोटांच्या बेचक्यांत काहीतरी पांढरं, दाण्यादाण्यांचं होतं आणि ते हलत होतं. पाणी खरकट्या भांड्यांच्या पाण्यासारखं झालं, वर चरबीचे डोळे तरंगायला लागले. मी बोलत राहिलो. लियानबद्दल, माळ्याबद्दल, कांद्याच्या भावाबद्दल. मध्येच पोट उसळून घशाशी आलं. मी तोंड मिटून धरलं... आणि गिळलं.

त्याला ते दिसलं असावं. तो बराच वेळ माझ्याकडं पाहत होता.

"पाणी..." तो म्हणाला. आवाज ओल्या कापसातून येत होता. "पाणी कोमट आहे."

"हो, काका."

"बरं वाटलं." मग म्हणाला, "आता तुझं देणं माझ्यावर राहिलं..."

मी शेवटचा तांब्या ओतला तेव्हा टबात कुणी नव्हतं. पाणी स्वच्छ होतं.

सकाळी भिंत कोरडी होती. माश्या खिडकीत मरून पडल्या होत्या. लियान आली, नाक पुढं करून सगळ्या खोल्या हुंगल्या, आणि माझ्या गळ्यात पडून रडली. आम्ही पडदे लावले, पाळणा आणला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझ्या हातून काहीतरी धड झालं.

फेन्नाचा जन्म त्याच घरात, वरच्या खोलीत झाला. सुईण सगळं आवरून गेली. लियान थकून झोपली, मीही पलंगाच्या कडेला डोळे मिटले. बाळ पाळण्यात होतं, अजून जन्माच्या चिकट पांढऱ्या लेपातच.

सकाळी बाळंतिणीची देखभाल करणारी बाई आली. पाळण्यात वाकली आणि तशीच राहिली.

"हिला अंघोळ कुणी घातली? पहिल्या दिवशी घालत नाही आम्ही."

फेन्ना सरळ, ताठ झोपवलेली होती. अंग घासून लाल झालेलं. जावळाचा बाजूला भांग पाडलेला. दोन्ही इवले हात छातीवर, एकावर एक. आणि हनुवटीखालून डोक्यापर्यंत कापडाची पट्टी बांधलेली, जबडा उघडा पडू नये म्हणून बांधतात तशी. ती जिवंत होती. डोळे उघडे होते. छताकडं बघत होती.

"मी घातली," मी म्हणालो. लियान ऐकत होती म्हणून म्हणालो. पट्टी मी सोडली. गाठ माझ्या बोटांना चिकटली.

फेन्ना आता तीन वर्षांची आहे. गुणी आहे, फार बोलत नाही. घराला वास नाही, येणारे-जाणारे शेजारी तसं सांगतात. संध्याकाळी मी टबाचा नळ सोडायला जातो आणि तिला अंघोळीला हाक मारतो. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी असते आणि मान हलवते.

"झाली, बाबा."

मी तिला उचलतो. लियान बघत असते, म्हणून मुका घ्यायला वाकतो. तिच्या भांगातून पाण्याचा थेंब ओघळून माझ्या ओठावर येतो. गोड लागतो.

टब कोरडा असतो.