शिवलेली दोन पानं

दार लावून घ्या, आणि मध्ये कुणी खिदळायचं नाही. माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत घडलंय हे. बाई पुस्तकबांधणी करते, स्वभावाने तिखट. भुताला घाबरेल तर शपथ!

गेल्या वर्षी सतरा नोव्हेंबर, सोमवार. गायकवृंदाने तिच्याकडे एक पुस्तक आणून दिलं. साऱ्या गावाला आवडणाऱ्या प्रार्थनागीताची स्वरलिपी, शंभर वर्षांपूर्वी छापलेली. त्यातली दोन पानं एकमेकांना शिवलेली होती. ती उसवायची, एवढंच काम.

शिवली कुणी? वृंदाच्या जुन्या मास्तरांनी. त्या पानांवर एकटीने गायची ओळ होती, आणि ती हिची आई गायची. श्वास कुठे घ्यायचा, तिथे मास्तर लाल पेन्सिलीने खूण करत. आई एकदा म्हणाली, "श्वास माझा आहे, मास्तर. मला हवा तिथे घेईन."

झालं! मास्तरांचं डोकं फिरलं. पानं शिवून टाकली, आईला काढून टाकलं. ती पुन्हा तिथे गायली नाही. आता दोघंही या जगात नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, वृंदात तीच ओळ ही लेक गाणार होती.

रात्री अकरा चाळीस. तिने टाके कापले, दोरा कचऱ्यात टाकला, चहा ठेवायला आत गेली. येऊन बघते तर... पानं शिवलेली.

"झोप आलीय मला," असं पुटपुटत तिने पुन्हा टाके कापले. पुस्तक डोळ्यांसमोर ठेवलं. दिवा लुकलुकला.

पुन्हा शिवलेली.

मागे खुर्ची करकरली.

तिने वळून पाहिलं नाही. पण तोंड बंद राहील तर ती कसली!

"शिवा, मास्तर! हवे तेवढे टाके घाला. आईने पोळ्या लाटता लाटता शिकवलंय मला. पान लागतंय कुणाला?"

आणि गायला लागली. मोठ्याने.

मास्तरांच्या खुणेची जागा आली... थांबली नाही. पुढे गेली. आईची जागा आली. तिथे श्वास घेतला.

मागेही... कुणीतरी घेतला.

ती गात राहिली. शेवटपर्यंत.

मग काहीच नाही. शांत.

पुस्तक त्याच पानांवर उघडं पडलं होतं, टाके सुटलेले. मास्तरांची जुनी खूण जागच्या जागी, विटलेली. आणि आईच्या जागी... दुसरी.

तिच्या घरात लाल पेन्सिल नव्हती. तिने खुणेवरून बोट फिरवलं.

रंग बोटाला लागला.